ओळ कुणी सोडली

शाळांच्या बँड पथकांची स्पर्धा बाहेरून बघणाऱ्याला टेबलाशी बसलेले परीक्षक दिसतात. डोक्यावर मांडव, पुढ्यात चहा, गळ्यात बिल्ले. पण खरा परीक्षक टेबलावर नसतो. तो मैदानात असतो, पथकाच्या पोटात. पोरं चालतात तसा तोही त्यांच्या ओळींमधून चालतो. ह्या ढोलाशी वाकतो, त्या बिगुलाशी थबकतो, कोण खरं वाजवतंय अन् कोण नुसत्या काड्या हलवतंय ते हुडकतो. पथक त्याच्यासाठी थांबत नाही. पोरांना पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं, समोर परीक्षक आला तरी पाऊल मोडायचं नाही, तो हटेल. वाट त्यानं काढायची. आणि ओळ तुटली तर पथक बाद. फक्त परीक्षकच आडवा आला असेल तर पथकाला पुन्हा वाजवायला मिळतं, पण तो आडवा आला की नाही हेही मैदानातल्या परीक्षकालाच विचारायचं. त्याचा शब्द शेवटचा. असला नियम कुणी केला ते मला माहीत नाही. ज्यानं केला त्याला माणूस कळत नव्हता एवढं नक्की.

पुंजाराम हा असा मैदानातला परीक्षक होता.

तो मूळचा केदारखेड्याचा. लहानपणी गावच्या शाळेत ढोल वाजवायचा. पुढं होमगार्डमध्ये गेला तिथं बँड शिकला, कवायत शिकला, दुसऱ्यांना शिकवू लागला. भावाभावांत जमीन वाटली गेली तेव्हा बायको नंदाबाईला घेऊन जालन्याला आला आणि एमआयडीसीत एका रोलिंग मिलमध्ये ठेकेदाराकडं लागला. काम सळई कापायच्या मशीनवर. ते मशीन लाल सळईवर टेकलं की जो आवाज निघतो तो मी गेटबाहेरून ऐकलाय. माझे दात आंबले. पुंजाराम त्या आवाजाच्या हातभर अंतरावर अर्धं आयुष्य उभा होता, कानात कापसाचा बोळा घालून.

मिलमध्ये त्याला ‘ए पुंज्या’ म्हणत. ठेकेदाराचा काल आलेला मुकादमसुद्धा. पण जानेवारी आला की तो नंदाबाईनं नीळ घालून धुतलेला पांढरा शर्ट-पँट चढवायचा, पांढरे बूट खडूनं घासायचा आणि मैदानात जायचा. तिथं मुख्याध्यापक उठून म्हणायचे, “या पुंजाराम सर.” वर्षातून थोडेच दिवस. पण बाकीचं वर्ष तो त्याच दिवसांवर काढायचा.

माझी त्याची ओळख गेटवर झाली. मी एमआयडीसीतल्या ठेका कामगारांची संघटना चालवते. शिक्षण सातवी. कायदा वाचला तो भांडता भांडता. दोन वर्षांमागं दिवाळीनंतर आम्ही कानाच्या तपासणीचं शिबिर लावलं, कारण गेटवर उभं राहून मी ओरडायचे आणि माणसं नुसती हसून मान हलवायची. मला आधी वाटलं मला टाळतायत. मग कळलं, ऐकूच येत नाही.

डॉक्टरांनी प्रत्येकाच्या कानाला यंत्र लावलं. डॉक्टर कळ दाबून आवाज सोडणार, तो आला की आपण बटण दाबायचं. पुंजाराम बसला आणि बटण असं बराबर दाबत गेला की डॉक्टर खूश झाले. मी बाजूला उभी. माझ्या लक्षात आलं, हा माणूस डॉक्टरांच्या बोटाकडं बघतोय. डॉक्टरांचं बोट खाली गेलं की ह्याचं बोट खाली.

मी डॉक्टरांना म्हटलं, “साहेब, जरा पाठ करून बसा.”

डॉक्टर फिरले. बटण दाबणं बंद. पुंजाराम नुसता बसून राहिला, शिकवणीतल्या पोरासारखा.

डॉक्टरांनी नंतर मला समजावलं. जाडा आवाज अजून थोडा लागतो, छातीत धक्का बसतो तो कळतो. बारीक, टोकदार आवाज गेलेत ते गेलेत. शिट्टी, सायकलची घंटी, बाईमाणसाचं बोलणं.

मी त्याला मांडवाबाहेर नेलं. समोर उभी राहिले म्हणजे ओठ दिसतील.

“भाऊ, हा मिलनं दिलेला मार आहे. नुकसानभरपाईचा दावा लावू. तुमचं नाव पहिलं टाकते.”

“न्हाई ताई. माझं नाव नका टाकू.”

“का? नोकरीचं भ्या वाटतंय? मी बसलेय ना!”

“नोकरीचं हायेच. पण ते न्हाई.” त्यानं इकडं तिकडं बघितलं. “बहिरा लिहिलं की माझं मैदान जाईल.”

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, “तुम्हाला शिट्टी ऐकू येत नाही अन् तुम्ही बँड तपासता? पोरांची फसवणूक करून राह्यले तुम्ही!”

तो चिडला नाही. म्हणाला, “जानेवारीत या बघायला. मंग बोला.”

गेले. शिव्या द्यायच्या तयारीनंच गेले होते. मैदान माणसांनी भरलेलं, दोरीबाहेर आयाबाया, पापडवाले, लाउडस्पीकर फाटेपर्यंत लावलेला. पुंजाराम पथकात शिरला आणि मी बघत राहिले. तो कान कुठंच नेत नव्हता, तसं दाखवत होता फक्त. तो पाय बघायचा. डावं पाऊल पडतं तेव्हाच मोठ्या ढोलावर टोला पडतो का. काड्या सगळ्यांच्या एका उंचीवर उठतात का. मोठ्या ढोलाजवळून जाताना तळवा चामड्याजवळ धरायचा, हवा हाताला लागायची. बिगुलवाल्याचे गाल बघायचा. एका पथकातली दोन पोरं नुसतीच बिगुल तोंडाला लावून चालली होती, ती त्यानं पहिल्या फेरीत धरली. आणि वळणाच्या शिट्टीचं? पथकाच्या पुढं काठी घेऊन चालणारी मुलगी शिट्टी वाजवताना काठी वर करते. पुंजारामचा एक डोळा कायम त्या काठीवर.

हे मला समजावून सांगायला हवं. शिट्टी झाली की सगळं पथक एकदम उजवीकडं वळतं. मघापर्यंत दोन ओळींमध्ये जी मोकळी गल्ली होती, त्या गल्लीत आता पोरं चालत येतात. परीक्षकानं शिट्टीसरशी दोन पावलांत बाहेर पडायचं असतं. पुंजाराम काठी बघून पडायचा. एकदाही चुकला नाही, सकाळभर.

दुपारी शहागडच्या मुलींचं पथक उतरलं. त्यांचे सर मच्छिंद्र म्हणून, बारीक, घामाघूम झालेले. मोठा ढोल एका नववीतल्या मुलीकडं होता, आकांक्षा तिचं नाव. ढोल पट्ट्यानं छातीशी बांधलेला, वरची कड हनुवटीला टेकलेली. ढोलाआड तिला समोर खालचं काही दिसत नव्हतं, दिसायची गरजही नव्हती. ती डावी-उजवीकडं बघून आपली ओळ धरायची आणि असे टोले द्यायची की माझ्याशेजारची म्हातारी म्हणाली, “बया, भाकरी काय खाते ही!”

त्याच वेळी प्रमुख पाहुण्यांची गाडी आली. टेबलावरचे सगळे परीक्षक उठले, शाल, नारळ, फोटो. मैदानाकडं पाठ.

पुंजाराम गल्लीत होता. एका मुलीच्या ढोलाची दोरी सैल पडून काडी घसरत होती, ते बघायला तो वाकला. वाकताना त्याची पाठ काठीवालीकडं झाली.

शिट्टी झाली. मी ऐकली, म्हातारीनं ऐकली, पापडवाल्यानं ऐकली. पथक सपकन उजवीकडं वळलं. पुंजाराम वाकलेलाच. मी ओरडले, “भाऊ!” कुणाला ओरडत होते मी?

ढोल त्याच्या कमरेवर आदळला. तो बाजूला कोलमडला आणि आकांक्षा ढोलावर पडली, उजवा हात ढोलाखाली. मागच्या दोघी तिच्यावर अडखळल्या. ओळ तुटली. बाकीच्या मुली वाजवत राहिल्या, कारण त्यांना तसंच शिकवलं होतं. मोठ्या ढोलाविना ते पथक कोपऱ्यापर्यंत चालत गेलं, आणि मध्ये ती पोरगी मनगट पोटाशी धरून बसली होती. रडत नव्हती. ढोल फुटला का ते बघत होती.

तिला रिक्षानं दवाखान्यात पाठवलं. टेबलाशी गर्दी झाली. परीक्षकांचे प्रमुख काकासाहेब, निवृत्त क्रीडाशिक्षक, खांद्यावरची शाल सावरत म्हणाले, “आम्ही पाहुण्यांत होतो. पुंजाराम सर, तुम्ही आत होतात. पोरगी ओळ सोडून आली, की तुम्ही वाटेत राहिलात?”

मच्छिंद्र सर म्हणाले, “साहेब, पोरगी तिच्या ओळीत होती! शिट्टी झाल्ती!”

“तुम्ही थांबा. सर, बोला.”

पुंजाराम काकासाहेबांच्या ओठांकडं बघत होता. त्याला प्रश्न कळला होता. मला त्याच्या तोंडावर दिसलं की त्याला पूर्ण कळला. “वाटेत राहिलो” म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता, का राहिलात? शिट्टी ऐकली नाही का?

तो म्हणाला, “पोरगी वळ सोडून आली.”

मी दोरी ओलांडून आत गेले. “खोटं आहे हे! मी बघितलंय!”

काकासाहेबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “तुम्ही कोण?”

“मी प्रभावती. संघटना चालवते.”

“मग संघटना चालवा. इथं बाहेरच्यांनी बोलायचं काम नाही. मैदानातल्या परीक्षकाचा शब्द शेवटचा.”

आणि लाउडस्पीकरवर पुकारलं, शहागडचं पथक बाद.

मी आणखी एक वाक्य बोलू शकत होते. हा माणूस बहिरा आहे, एवढंच. पण कामगाराचं जे गुपित गेटवर गेल्यावर त्याची भाकरी तुटेल, ते माझ्या तोंडून जात नाही. ते त्यानं बोलायचं. मी त्याला दंडाला धरून पाण्याच्या टँकरमागं नेलं आणि जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो माझ्या ओठांकडं बघत होता, एकेक शिवी वाचत होता.

शेवटी म्हणाला, “तोंडातून निघून गेलं, ताई.”

“मग परत जा अन् परत घ्या!”

त्यानं पांढऱ्या पँटीवरची माती झटकली. आणि पुढचं पथक उतरलं होतं त्याच्यात जाऊन शिरला.

मच्छिंद्र सरांनी माझा नंबर घेतला होता. त्यांच्याकडून कळत गेलं. आकांक्षाचं मनगट मोडलं होतं, दोन ठिकाणी. प्लास्टर निघालं तेव्हा हात पुरता फिरेना. आणि शाळेत मुली तिच्याशी बोलेनात. वर्षभर सकाळी उठून तालीम केली होती सगळ्यांनी. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी तिला म्हणालं होतं, सरळ चालता येत न्हाई तर ढोल कशाला घेतला गं?

पुढं एक दिवस नंदाबाई माझ्याकडं आली. बसली, पदर नीट केला. “ताई, ह्यांना काय झालं ते सांगा. जेवत न्हाईत. झोपेत हात हलवतेत, काहीतरी ढकलल्यासारखं.”

मी सांगितलं. बहिरेपणाचं सांगताना जरा चाचरले. ती म्हणाली, “ते माहीत हाय मला. मी मागून हाक मारायची कवाच सोडली. पुढं जाऊन उभी राहते. त्यांना वाटतं मला ठाऊक न्हाई.” मग उठता उठता म्हणाली, “त्या पोरीचं मात्र वाईट केलं ह्यांनी.”

घरी जाऊन ती नवऱ्याला काय बोलली मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी पुंजाराम दारात उभा. “काकासाहेबांकडं येता का संगं? मला समजलं न्हाई तर तुम्ही सांगा.”

काकासाहेबांचं घर टापटीप, भिंतभर ढाली. पुंजारामनं उभ्या उभ्या सांगितलं, शिट्टी ऐकू आली नाही, खोटं बोललो, निकाल बदला. काकासाहेबांनी आधी दार लावून घेतलं.

“किती वर्षांपासून?”

“बरीच.”

“म्हणजे इतक्या वर्षांचे सगळे निकाल…” त्यांनी कपाळाला हात लावला. “अहो, हे बाहेर गेलं तर प्रत्येक शाळा माझ्या दारात येईल. पुढच्या वर्षापासून तुम्ही येऊ नका. मी तब्येतीचं कारण देतो. पण हे कुठं बोलायचं नाही. निकाल आहे तो आहे.”

“अन् पोरगी?”

“पोरं विसरतात.”

मी म्हटलं, “तुमच्या ढाली तुम्ही विसराल का?” त्यांनी दार उघडून धरलं. पुंजारामला त्यांचं बोलणं मी बाहेर येऊन परत सांगितलं. ज्या मैदानासाठी तो खोटं बोलला होता ते गेलं होतं. आणि खोटं तसंच उभं होतं.

तो म्हणाला, “शहागडला जाऊ.”

एसटीनं गेलो. आकांक्षाचे वडील हरिओम शेती बघून हायवेवर चहाचं हॉटेल चालवतात. ट्रक सारखे जाणार-येणार. पुंजारामला बघून ते गल्ल्यावरून उठले. मला वाटलं मारतात. पण माणूस सभ्य. म्हणाले, “बसा. काय बोलायचं ते बोला अन् निघा.”

आकांक्षा आतून आली. उजवा हात ओढणीत. पुंजारामनं हात जोडून सगळं सांगितलं. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. तो इतक्या मोठ्यानं बोलत होता की ट्रकवाले चहाचे ग्लास धरून वळून बघू लागले.

ती मान खाली घालून काहीतरी म्हणाली. त्याला कळलं नाही. “काय म्हणती, ताई?”

मला त्याच्या तोंडापुढं उभं राहून एकेक शब्द ओरडावा लागला, सगळ्या हॉटेलासमोर. “ती म्हणते, तुम्हाला ऐकू येत न्हाई हे समजलं! पण मी माझ्या वळीत होते हे तर तुम्हाला दिसलं होतं ना!”

पुंजाराम तिच्याकडं वळला. म्हणाला, “व्हय. दिसलं होतं.”

“मंग?” हे त्याला ओठांवरून कळलं.

“माझं मैदान जाईल म्हणून.”

हरिओम म्हणाले, “एका मैदानासाठी?” आणि थुंकले. पोरगी म्हणाली, आणि ह्यावेळी ती त्याच्या पुढं जाऊन उभी राहिली, ओठ दिसतील अशी, “हितं हॉटेलात कशाला सांगता सर? मला माहीतच हाय. शाळेत सांगा.”

मी पुंजारामला बसस्टँडवर म्हटलं, विचार करा. शाळेत बोललात तर पोरं मोबाइल काढतील, ते मिलपर्यंत जाईल. मी हे म्हणायला हवं होतं म्हणून म्हटलं. तो म्हणाला, “सोमवारी जातो.”

मच्छिंद्र सरांनी मुख्याध्यापकांना विचारून ठेवलं होतं. परिपाठाला सगळी शाळा ओळीत उभी. तो ते पांढरे कपडे घालून आला नव्हता, मिलचाच काळा पडलेला शर्ट होता. माइक नको म्हणाला.

“मी परीक्षक होतो. शिट्टी झाली, मला ऐकू आली न्हाई. मला ऐकू येत न्हाई. आकांक्षा तिच्या वळीत होती. तिची काही चूक न्हाई. खोटं मी बोललो.”

तो इतक्या जोरात ओरडत होता की लहान वर्गांतली पोरं हसायला लागली. मग मोठीही. हसणं त्याला ऐकू गेलं नाही, पण दिसलं. तो हसणाऱ्या तोंडांकडं बघत तेच पुन्हा म्हणाला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आकांक्षा आपल्या जागेवर उभी होती. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. तिच्या पुढच्या मुलीनं मात्र मागं वळून तिच्याकडं बघितलं.

व्हिडिओ संध्याकाळच्या आत एमआयडीसीत पोचला. पोरांनी त्याच्यावर गाणं लावलं होतं. दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं त्याला गेटवरच थांबवलं. “बहिरा माणूस मशीनवर नको. उद्या हात तुटला तर जबाबदार कोण?” मी तिथंच होते. मी विचारलं, कान कुणाच्या मशीनवर गेले? तो म्हणाला, ते सिद्ध करा.

सिद्ध करतोय. दावा लागलाय. मिलच्या वकिलानं पहिल्याच तारखेला विचारलं, हा माणूस वर्षानुवर्षं बँडस्पर्धेचा परीक्षक होता, मग बहिरा कसा? आणि स्पर्धा समितीनं कळवलं की पुंजाराम यांच्या श्रवणशक्तीबद्दल समितीकडं कधीही तक्रार आलेली नाही, ते प्रकृतीच्या कारणानं निवृत्त झाले. शहागडचं पथक समितीच्या लेखी आजही बादच आहे, वादकानं ओळ सोडल्यामुळं. मी ते वाचून कोर्टाच्या पायरीवर अशी भडकले की शिपायानं मला बाहेर काढलं.

पुंजाराम आता बियाण्याच्या गोदामात पोती शिवतो. नंदाबाई त्याच्या समोर उभी राहून बोलते, आता चोरून नाही.

परवा मच्छिंद्र सरांचा फोन आला होता. आकांक्षाला मुलींनीच पथकात परत बोलावलं. मोठा ढोल तिच्या मनगटाला पेलत नाही, त्याची जाड काडीही धरवत नाही. म्हणून तिला ट्रँगल दिलाय, ती लहानशी तीनकोनी सळई असते ना, डाव्या हातात लटकवून हलकंच वाजवायची.

मी गोदामात जाऊन पुंजारामला हे सांगितलं. पुढं उभं राहून, सावकाश.

त्यानं सुई पोत्यात तशीच ठेवली. “ट्रँगल,” तो म्हणाला. “चांगलं वाजतं ते. लई बारीक आवाज असतो.”

आणि परत शिवायला लागला.